त्या रात्रीच्या ताई आणि चहावाले दादा, तुमच्यासाठी

ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. रात्री दोनला स्वारगेट स्टँडवरून 14416 लावला, टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, फुकट असतो आणि रात्रीपण उचलतात एवढंच माहीत होतं, मी नुसता रडत होतो आणि तुम्ही अजिबात घाई न करता ऐकत बसलात. रोजची दारू एकदम बंद केली की फिट येऊ शकते, आधी डॉक्टरांना दाखवा, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी घरी दार लावून बसलो असतो. आणि चहावाले दादा, माझे हात इतके थरथरत होते की कप धरवेना, तुम्ही अर्धाच चहा ओतला आणि माझ्या हाताला हात लावून धरलात, पैसेपण घेतले नाहीत. आज सात महिने झाले. आई आता रात्री माझी वाट बघत जागत नाही. दोघांचे खरंच मनापासून आभार.