रॅनक मूरवर भेटलेल्या आजींना

आदरणीय आजी,

सादर नमस्कार. स्कॉटलंडमधल्या रॅनक मूर या दलदलीच्या माळाच्या कडेला, पावसाची सर ओसरल्यावर, आपण आमच्याजवळ जेमतेम अर्धा तास बसला असाल. त्याला तीन आठवडे झाले, तरी ते ऋण मनावरून उतरत नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

त्याआधी दोन दिवस, पैसे मोजून वाटाड्या म्हणून सोबत घेतलेल्या गृहस्थांना मी डोंगरांच्या नावांचे अर्थ विचारत होतो आणि ‘गेलिक या इथल्या जुन्या भाषेतली नावे आहेत, त्यांना आता काही अर्थ उरलेला नाही’ एवढेच ऐकून घेत होतो. त्यांच्याच मागून चालताना माझी पत्नी गुडघ्यापर्यंत चिखलात रुतली. ती जागा नकाशावर दाखवली, तेव्हा आपण तिथला ‘फे’ हा शब्द वाचलात, माझा हात हातात घेतलात आणि मनगटावरच्या हिरव्या शिरेवर बोट ठेवलेत. फे म्हणजे शीर, आणि दलदलीतून गवताखालून झिरपत जाणारा ओहोळही फेच. आपले बोट गारठलेले होते. शिरेच्या वाटेने ते कोपराकडे सावकाश सरकले आणि मला पायाखालची जमीन प्रथमच नीट दिसली. नकाशाने आम्हाला आधीच सावध केले होते, फक्त ते वाचून दाखवणारे कोणी नव्हते.

मग आपण एकेक नाव उलगडत गेलात. समोरचा डोंगर बुआखिल एटिव मोर म्हणजे एटिव खोऱ्याचा थोरला गुराखी, आणि त्याच माळावरचे लॉख बा म्हणजे गाईंचे तळे. शेजारच्या एका तळ्याच्या नावात चक्क काख आहे. स्रोन म्हणजे नाक, द्रुइम म्हणजे पाठ. इंग्रजीतला ‘बॉग’ हा शब्दसुद्धा गेलिकमधल्याच ‘मऊ’ या अर्थाच्या शब्दावरून गेलेला. ही जमीन इतकी मऊ, की १८९४ साली सुरू झालेला रेल्वेमार्ग इथे झाडाझुडपांच्या थरांवर अक्षरशः तरंगता ठेवावा लागला.

‘तुमच्याकडे डोंगराला काय काय अवयव असतात?’ असे आपण विचारलेत, तेव्हा मी सोंड, माथा, कूस आणि नाणेघाटातला नानाचा अंगठा सांगितला. ‘अंगठा’ हा शब्द आपण तीनदा म्हणून पाहिलात, ठ नीट जमेपर्यंत. परक्या माणसाच्या भाषेसाठी एवढे कष्ट घेणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत. ज्ञान असूनही हात आखडता न घेणे, घाईत असूनही थांबणे, हा सभ्यपणा कोणत्याही मोबदल्यात विकत मिळत नाही.

आपण सांगितलेले सगळे उच्चार मी नकाशावर पेन्सिलीने देवनागरीत लिहून ठेवले आहेत. म्यौल अ वूरी, म्हणजे हरणांच्या हंबरण्याचा डोंगर, याच्या पायथ्याशी येत्या ऑक्टोबरात, नर हरणे हंबरतात त्या दिवसांत, आम्ही दोघे पुन्हा येणार आहोत.

आपला कृतज्ञ,
ग्लासगोत राहणारा एक मराठी माणूस