सांताचा लाल झगा जाहिरातीतून आलेला नाही

संपादक महोदय,

सांताक्लॉजला लाल पोशाख कोका-कोलाने दिला, हे विधान दर नाताळात छापून येते. ते चुकीचे आहे. चित्रकार हॅडन संडब्लॉमने त्या कंपनीसाठी सांता रंगवायला सुरुवात केली १९३१ मध्ये. 'पक' या अमेरिकी विनोदी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठांवर लाल वेशातला सांता त्याआधी किमान पंचवीस वर्षे झळकत होता. जाहिरातींनी हे रूप जगभर पक्के केले, एवढेच श्रेय त्यांचे.

मूळ पुरुष म्हणजे चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातील मायराचा बिशप निकोलस. तीन गरीब बहिणींच्या हुंड्यासाठी त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या, अशी आख्यायिका आहे. त्याचा सण ६ डिसेंबरचा. डच लोकांच्या 'सिंटरक्लास'वरून पुढे अमेरिकेत 'सांताक्लॉज' झाले. १८२३ च्या प्रसिद्ध कवितेत तो आठ रेनडिअरांच्या गाडीतून येतो, पण तिथे तो आणि गाडी दोन्ही चिमुकली आहेत! म्हणूनच तो धुराड्यातून सहज उतरतो. 'हार्पर्स वीकली' या अमेरिकी साप्ताहिकात १८६३ मध्ये व्यंगचित्रकार थॉमस नास्टने त्याला अमेरिकी झेंड्याच्या तारे-पट्ट्यांचा अंगरखा चढवला, कारण तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. नववा रेनडिअर, रुडॉल्फ, आला थेट १९३९ मध्ये.

सणाच्या पुरवणीत यापुढे ही दुरुस्ती व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक