काकापोची काळजी आणि आमचा पिंजऱ्यातला कीर

संपादकसाहेब,
न्यूझीलंडच्या काकापो पोपटाबद्दल हल्ली बरंच वाचतोय, वेडच लागलंय म्हणा ना. उडता न येणारा हा लठ्ठ हिरवा पोपट रात्री फिरतो, आणि माणसांनी नेलेल्या मांजरी, उंदरांनी त्याची पार वाट लावली, 1995 साली मोजून 51 पक्षी उरले होते. मग शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर त्यांना हलवलं, प्रत्येकाच्या पाठीवर ट्रान्समीटर, प्रत्येकाला नाव, घरट्यावर रात्रभर पहारा. तरी घाई करून उपयोग नाही, कारण तिथल्या रिमू नावाच्या झाडाला भरपूर फळं धरली तरच हे अंडी घालतात, म्हणजे दोन ते चार वर्षांतून एकदा! 2022 मध्ये आकडा अडीचशेच्या वर गेला.

आणि आमच्याकडे? गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात निळ्या पंखांचा पोपट अजून दिसतो, तो फक्त पश्चिम घाटातलाच, जगात दुसरीकडे कुठे नाही. कीर, म्हणजे आपला नेहमीचा हिरवा पोपट, पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे हे माहीत असूनही माझ्या शेजारच्याच बाल्कनीत एक लटकलेला आहे, "मिठू मिठू" करत, आणि मी पण इतकी वर्षं गप्पच बसलो, कोण वाईटपणा घेणार.

दुसरं म्हणजे वाळलेला माड दिसला की लगेच कापायची घाई. अहो त्याच्याच ढोलीत कीर अंडी घालतो. घरावर पडण्यासारखा नसेल तर भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, राहू दे की उभा!

एक वाचक, वाळपई