शिबिराचे पैसे भरण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात की चिपळूणला दुखण्यांवर बिनटाक्याच्या उपचारांचं शिबीर आहे, दोघांची नावं घातली आहेत आणि आगाऊ पैसे भरले की सवलत मिळणार आहे. फोनवर हे नीट बोलून झालं नाही म्हणून लिहिते आहे. पैसे एवढ्यात भरू नका. सुईने किंवा दुर्बिणीने होणारे उपचार खोटे नाहीत. पण तुमचं दुखणं वेगळं, आईचं वेगळं, आणि दोन्ही कुठून येतात हे अजून कुणी धड तपासलेलं नाही. दोघांना एकच पॅकेज कसं लागू पडेल?

तुमचं आधी. आगरात वाकून शिंपताना तुम्हाला काही होत नाही. पण ताठ चालत एसटी स्टँडच्या चढाला लागलात की पोटऱ्या भरून येतात, आणि गडग्यावर जरा टेकलात की पाय मोकळे होतात. हे मणक्यातली, नसा (मज्जातंतू) जाण्याची नळी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. वाकल्यावर ती थोडी उघडते, ताठ झाल्यावर आवळते. मात्र तुमची अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्यामुळे पायाच्या रक्तवाहिन्याही बघायलाच हव्यात. त्या आखडल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, फक्त तेव्हा बसावं लागत नाही, नुसतं उभं राहिलं तरी कळ थांबते. डॉक्टरांना पावलावरची नाडी बघायला आवर्जून सांगा.

शिबिरवाल्यांनी तुम्हाला पाठीत इंजेक्शन सुचवलं, ते बहुधा एपिड्युरल असावं. सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्रावर बघत नसांच्या जवळ स्टेरॉइड सोडतात. सूज उतरते आणि पायात जाणारी कळ काही आठवडे, कधी काही महिने कमी होते. नळी होती तेवढीच राहते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने जुनाट पाठदुखीसाठी अशी इंजेक्शनं आणि नस तापवण्याचे उपचार देऊ नयेत अशी स्पष्ट शिफारस केली. वेदनातज्ज्ञांच्या काही संघटनांना ती पटलेली नाही. तज्ज्ञांमध्येच एवढा वाद असताना कुणी तुम्हाला खात्री देत असेल तर मला त्याची भीती वाटते. तुम्ही आधी फिजिओथेरपी मनापासून करावी असं मला वाटतं. तरीही चालणं घटतच गेलं, तर लहानशा छेदातून दुर्बिणीने नळी मोकळी करण्याची शस्त्रक्रिया असते. मूळ अडचण तिथे दूर होते, म्हणून इंजेक्शनांवर इंजेक्शनं घेण्यापेक्षा तिचा विचार करणं मला पटतं.

आणि तुमच्या क्लोपिडोग्रेलच्या गोळीबद्दल शिबिरवाल्यांपैकी कुणी विचारलं का? रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना मणक्यात सुई गेली तर आत रक्त साकळून नसा दाबल्या जाऊ शकतात. ती गोळी मनाने बंदही करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. आणखी एक: लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली, बसायच्या जागी बधिर वाटलं, पाऊल लुळं पडलं, तर सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी गाडी करून दवाखाना गाठा.

आई, आता तुझे गुडघे. तुला पीआरपी सांगितलंय. त्यात आपलंच रक्त यंत्रात फिरवून त्यातल्या प्लेटलेट्स सांध्यात सोडतात. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीत वर्षभरानंतर ते नुसत्या मिठाच्या पाण्याच्या, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. एवढे पैसे त्यासाठी घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर काही आठवडे बरं वाटतं, पण तुझी साखर काही दिवस चढेल. शिवाय २०१७ च्या एका अभ्यासात दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ते घेणाऱ्यांची कूर्चा (सांध्यातली गादी) जास्त झिजली आणि दुखणं मात्र मिठाच्या पाण्याइतकंच राहिलं. घासलेला गुडघा दुर्बिणीने ‘साफ’ करून घेण्यातही अर्थ नाही.

गुडघ्याच्या बारीक नसा तापवण्याचा उपचारही आहे. आधी भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात. त्याने दुखणं चांगलं थांबलं तरच त्या नसा साधारण ८० अंशांना तापवतात. आराम काही महिने टिकतो, मग नसा पुन्हा वाढतात. बाकी सगळं करून झालं आणि शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर मी याचा विचार करीन. पण गुडघा पार झिजून वाकडा झाला असेल तर तो बदलायला घाबरू नकोस. मी रजा घेऊन येईन.

त्याआधी मांडीचे व्यायाम रोज करायचे. तुझं वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. विळी ओट्यावर चढव, गणपतीत मोदकाचं खोबरं उभ्याने खोव. मागच्या न्हाणीशेजारी कमोड बसवायला गवंड्याशी मी बोलले आहे. बाबा, याला नाही म्हणू नका.

पुढच्या शनिवारी मांडवी एक्सप्रेसने येते आहे. डेरवणला हाडांच्या डॉक्टरांना दाखवू, त्यांनी सांगितलं तरच एमआरआय. जुने एक्स-रे, आईचे साखरेचे रिपोर्ट आणि दोघांच्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत काढून ठेवा. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही त्यात हव्यात, कारण त्यांनी मूत्रपिंडावर किती ताण आलाय तेही तपासायचं आहे. शिबिरवाल्यांना नाही म्हणायला तुम्हाला अवघड वाटत असेल तर त्यांचा नंबर मला पाठवा, मी बोलते.

तुमची,
लेक