ओठ दिसू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली नऊ वर्षे मला फार कमी ऐकू येते. श्रवणयंत्रातून आवाज येतो, पण शब्द सुटे होत नाहीत. ते मी समोरच्याच्या ओठांवरून जुळवते. त्यातही बाबा, मामा, पापा ओठांवर सारखेच दिसतात, म्हणजे चेहरा स्वच्छ दिसत असला तरी बराचसा अंदाजच.

आम्हा निवृत्त शिक्षिकांची भिशी उन्हाळ्यात व्हिडिओ कॉलवर होते. ४५ अंशांत दुपारी तीनला घराबाहेर कोण पडणार? त्या वेळी नागपुरातली घरे कशी असतात हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. जाड पडदे, गॅलरीला हिरवी जाळी, खोलीत अंधार आणि पाठीमागच्या एखाद्या फटीतून घुसणारे पांढरेफेक ऊन. गेल्या मे महिन्यात एका मैत्रिणीने यजमानांच्या बायपासची बातमी सांगितली आणि मी हसून मान डोलावली. तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसती सावली होती. बाकीच्या एकदम गप्प का झाल्या, ते मला रात्री मेसेज वाचून कळले.

भाच्याने नंतर कारण समजावले. लॅपटॉपचे झाकण काही मिलिमीटर जाडीचे, त्यात बसणारे भिंग आणि सेन्सर इवलेसे. उजेड कमी असला की कॅमेरा चित्र ओढूनताणून उजळवतो, त्यात दाणे येतात. प्रत्येक फ्रेमला तो जास्त वेळ घेतो आणि हलणारे ओठ फिसकटतात. पाठीमागे ऊन असेल तर त्या उजेडाशी जुळवून घेताना चेहरा काळा पडतो.

मग मी मैत्रिणींच्या मागेच लागले. खिडकीकडे तोंड करून बसा, नाहीतर लॅपटॉपच्या मागे टेबललॅम्प ठेवा, भिंग मऊ कापडाने पुसा. एकीच्या चित्रावर ट्यूबलाइटमुळे पट्टे सरकत होते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ होते, आपली वीज ५० ची. ते बदलल्यावर पट्टे गेले. दुसरीने विंडोज ११ ला अँड्रॉइड फोनच कॅमेरा म्हणून जोडला. त्या दिवशी तिचे एकही वाक्य मला पुन्हा विचारावे लागले नाही.

जुलैत अमरावतीच्या बहिणीसाठी लॅपटॉप पाहायला बर्डीवर गेले. प्रत्येक मॉडेलच्या पाटीवर रॅम, एसएसडी, प्रोसेसर. कॅमेऱ्याचा उल्लेख नाही. विचारले तर उत्तर, "एचडी आहे." असे एचडी बहुतेकदा ७२०पी निघते, म्हणजे जेमतेम ९ लाख २१ हजार ठिपके. १०८०पीमध्ये २० लाखांहून जास्त असतात. आणि कमी उजेडात तो कॅमेरा कसा चालतो, हे तर ठिपक्यांच्या आकड्यावरूनही कळत नाही.

कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे, कॅमेऱ्याची माहिती रॅमच्या शेजारी छापा. दुकानदारांनी विकण्याआधी दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक व्हिडिओ कॉल लावून पाहू द्यावा. त्या दिवशी मला तो लावू दिला नाही. बहिणीचा लॅपटॉप अजून घ्यायचाच आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ, नागपूर