रेकॉर्डिंगला गेलेल्या लेकीस

फोंडा, गोवा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

दादरला उतरल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी आंघोळीला होतो, आईने घेतला. डबा खाल्लास का, कोकणकन्येत झोप लागली का, सिंबलची बॅग नीट पोचली का, हे सगळं तिने विचारून घेतलं. मला विचारायचं होतं ते वेगळंच. पण ते फोनवर काढलं की तुझा आवाज चढतो आणि माझा त्याहून चढतो, म्हणून लिहायला बसलोय. छोटी फोटो काढून तुला पाठवील. रेकॉर्डिंगच्या मध्ये वाचू नकोस, रात्री निवांत वाच.

परवाच्या जेवणाचं मनात ठेवू नकोस. तू ताटावरून उठलीस म्हणून आई हिरमुसली, मला काही वाटलं नाही. जावयांसमोर, पोरीसमोर बापाने डॉक्टरचं नाव काढलं तर कुणालाही घास गोड लागणार नाही. तो विषय या पत्रात नको, असं ठरवूनच पेन हातात घेतलंय. आधी अल्बमचं लिहितो.

फर्मागुडीला कॉलेजात असताना तुम्ही चौघांनी बँड काढला, तेव्हा डिग्रीबरोबर हेही संपेल असं सगळा वाडा म्हणत होता. डिग्र्या झाल्या, नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, दोघांच्या डोक्यावरचे केस गेले, तरी दर रविवारी कुर्टीच्या त्या गॅरेजात शटर अर्धं ओढून तुम्ही वाजवत राहिलात. मागचा अल्बम आला तेव्हा छोटी रांगत होती, आता ती दहावीला आहे. मधली सगळी वर्षं कळंगुट-बागेच्या हॉटेलांत आणि लग्नाच्या रिसेप्शनांना दुसऱ्यांची गाणी वाजवण्यात गेली. तरी स्वतःची गाणी तुम्ही टाकली नाहीत. याचं मला फार कौतुक आहे, बाय. बाजारात कोणी भेटलं की मी आपणहून विषय काढतो.

बँडमधला सांतिनेजचा तुमचा सोबती वारला तेव्हा मला वाटलं, आता हे पुढे जात नाही. मग त्याच्या आईने त्याचा मोबाईल तुमच्या हातात दिला आणि त्यात त्याने गिटारवर छेडून, वर तोंडाने गुणगुणून ठेवलेले तुकडे निघाले. ते तू सांगत होतीस तेव्हा तुझी आई पदराने डोळे टिपत होती. त्याच रात्री तू मला एसी/डीसी या रॉक बँडची गोष्ट सांगितलीस, आणि मग मी ती आपली आपण वाचत गेलो. त्यांचा गिटारवाला माल्कम यंग स्मृतिभ्रंशामुळे 2014 मध्ये बाजूला झाला. त्याआधीच्या एका दौऱ्यात तर स्वतः बांधलेली गाणी पुन्हा पाठ करून तो स्टेजवर चढत होता. 2017 च्या नोव्हेंबरात तो गेला. धाकट्या भावाने, अँगसने, दोघांनी मिळून साठवलेले तुकडे बाहेर काढले, 2018 मध्ये व्हँकुव्हरच्या स्टुडिओत सगळे जमले आणि 2020 च्या नोव्हेंबरात 'पॉवर अप' हा अल्बम आला. माल्कमची गिटार त्यात नाही, त्याच्या जागी पुतण्या स्टीवी बसला. पण बाराच्या बारा गाण्यांवर माल्कम आणि अँगस अशी दोघांची नावं आहेत.

तुम्हीही तेच करणार, त्याच्या तुकड्यांवरच्या प्रत्येक गाण्याला त्याचं नाव लावणार, हे ऐकून मला बरं वाटलं. गेलेल्या माणसाचा हिस्सा त्याच्या नावाने चुकता करायचा, हे आपल्या घरात आजोबांपासून आहे. पेडण्याच्या जमिनीचं तुला ठाऊकच आहे.

पण त्या गोष्टीतला गायक तू मला अर्धाच सांगितलास. ब्रायन जॉन्सन. 2016 मध्ये डॉक्टरांनी त्याला बजावलं, दौरा आत्ताच्या आत्ता थांबव, नाहीतर ऐकू येणं पूर्ण बंद होईल. उरलेल्या कार्यक्रमांना दुसरा गायक आणावा लागला. त्याचं स्वतःचं म्हणणं, गाण्यापेक्षा मोटारशर्यतींनी त्याचे कान घालवले. असेल. 'पॉवर अप'मध्ये तोच गायला आणि कानात बसवायचं नवं यंत्र मिळाल्यावर 2023 मध्ये बँडबरोबर स्टेजवरही परतला. पण मधली वर्षं त्या माणसाने कशी काढली असतील?

आला बघ तोच विषय. आलाच आहे तर एकदा पुरता लिहू दे.

मागच्या रविवारी तू वॉशिंग मशीनला टेकून आईशी बोलत होतीस. धुणं झालं आणि मशीन टीं टीं करायला लागलं. मी बाहेर ओसरीवर पेपर वाचत होतो, मला ऐकू आलं. छोटी आतल्या खोलीतून ओरडली, "मम्मी, मशीन!" तू तिच्याकडे बघून हसलीस आणि बोलत राहिलीस. मशीन तुझ्या कमरेला लागलेलं होतं. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, मला ओसरीवर ऐकू येतं आणि तुला तिथे येत नाही. तेव्हापासून मी तुझ्याकडे लक्ष ठेवून आहे. फोन तू आता उजव्याच कानाला लावतेस. तुझी हाय-हॅट, ती झांजांची जोडी, डाव्या हाताला असते. डिसेंबरातसुद्धा पंखा लावल्याशिवाय झोप येत नाही म्हणतेस. कशाचा आवाज झाकायला पंखा लागतो, हे मी विचारलं तेव्हा तू ताटावरून उठलीस.

85 डेसिबल आवाजात माणसाने आठ तास काढले तर चालतं, त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास. 100 ला फक्त पाव तास. बंद खोलीत तू स्नेअर ड्रमवर जोरात काठी मारतेस तेव्हा 100 केव्हाच मागे पडलेले असतात. आतल्या कानात बारीक केसांच्या पेशी असतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी वरच्या पट्टीतलं जातं. मशीनची टीं टीं, पाखरं, पोरांचं बोलणं. मग माणसं बोलताहेत एवढं कळतं, पण काय बोलताहेत ते निसटतं.

आणि या अल्बमला सगळ्यात आधी ड्रम घ्यायचे आहेत. बाकीच्यांना मागाहून दुरुस्त्या करता येतील, पण तुला पहिल्या काही दिवसांतच सगळी गाणी वाजवून मोकळं व्हायचंय, असं तूच म्हणालीस. हेडफोनमध्ये क्लिक, तालाचा तो ठोका, सतत टकटकत असणार. दुपारनंतर कान थकतात, क्लिक ड्रमखाली दबतो, आणि आपण तो वाढवतो. मग बाहेरून ड्रमचा मारा आणि आतून क्लिकचा. 'द हू' बँडचा गिटारवाला पीट टाउनशेंड जाहीरपणे सांगत आला आहे की त्याचे कान स्टेजपेक्षा स्टुडिओतल्या हेडफोननी बिघडवले. तेव्हा क्लिक ऐकू येईनासा झाला की तो वाढवू नकोस, बाकीचं खाली घ्यायला सांग. बाहेरचा आवाज अडवणारेच हेडफोन माग. तुझ्या स्टुलाखाली बसवायचं ते थरथरणारं यंत्र असेल तर तेही माग, म्हणजे किक ड्रमचा दणका अंगाला कळतो आणि कानात तेवढा लागत नाही. दर तासाला उठून बाहेर ये, चहा पी, गप्प बस. मेटालिका बँडचा ड्रमर लार्स उलरिच, त्यालाही कानातली शिट्टी आहे. तो ते लपवत नाही, पोरांना कानात प्लग घाला म्हणून सांगत असतो, आणि 2023 मध्ये त्यांचा '72 सीझन्स' हा अल्बम आलाच की. कानाच्या मापाचे प्लग करून घेतले तर झांजांचा खणखणीतपणा मरत नाही म्हणतात. तुझी प्लगबद्दल तीच तक्रार होती.

हा उपदेश झाला. माफ कर. ड्रमपुढे कसं बसायचं हे मी तुला सांगावं, असं काही माझ्यापाशी नाही. तू वाजवतेस तसं वाजवायला मला सात जन्म लागतील.

पण मी आपल्या घरच्या भाईला बघितलंय, बाय. तुला आठवतो तो कोपऱ्यात बसून, सगळे हसले की मागाहून हसणारा भाई. मला आठवतो तो जत्रेच्या नाटकात पेटीवर बसणारा. डिचोलीकडे खाणीवर तो ड्रिलिंग मशीनवर होता. कानात कापसाचे बोळे घालून जायचा, दुसरं काही द्यावं असं तिथल्या मालकांना वाटलं नाही. घरी आला की मोठ्याने बोलायचा, आम्ही म्हणायचो, खाणीवरची सवय. नाटकात नटाने पद घ्यायच्या आधी भाई त्याच्या गळ्याकडे टक लावून बसायचा. लोक म्हणायचे, केवढं हे अवधान! तो गळ्यात श्वास भरताना बघायचा आणि सूर द्यायचा. ऐकत नव्हता तो, बघत होता. एका जत्रेला नटाने पद मध्येच सोडून संवाद सुरू केला आणि पेटी चालूच राहिली. मी तबलेवाल्याच्या शेजारी होतो. मी पुढे होऊन भाईचा हात धरला. त्याने माझ्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, भाता दाबून बंद केला आणि खटके लावले. पेटी माळ्यावर गेली ती आजतागायत खाली आलेली नाही. पुढे चवथीला आरती सुरू व्हायची वेळ झाली की तो गोठ्यात जायचा. गुरं आवाजाने बुजतात म्हणायचा.

एका वर्षी मात्र तो गेला नाही, ते तुझ्यामुळे. तू पाच-सहा वर्षांची असशील. माझ्या मांडीवरचं घुमट, ते मडक्याचं वाद्य, तू ओढून घेतलंस आणि आमच्या शामेळ ढोलाला, कासाळे झांजांना धरून वाजवायला लागलीस. उघडं तोंड डाव्या हाताने झाकायचं आणि सोडायचं, म्हणजे आवाज गोल होतो, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. आज घुमट गोव्याचं वारसा वाद्य आहे, 2019 पासून, आणि पोरींची पथकं आरत्या वाजवतात. तेव्हा आपल्या वाड्यावर बायकांनी घुमटाला हात लावायची रीत नव्हती. आजीने तोंड उघडलं तोच भाई म्हणाला, "वाजवू दे तिला. हात बघा तिचे." त्याला किती ऐकू येत होतं देव जाणे, तुझे हात त्याला दिसत होते. पूर्ण आरतीभर तो खांबाला टेकून उभा होता.

मग ती आपल्या गोव्याच्या गायकाची, रेमो फर्नांडिसची कॅसेट. 1984 चा 'गोअन क्रेझी', शिवोलीच्या घरात बसून त्याने रेकॉर्ड केलेला. मी पणजीहून आणला होता आणि तू पुढे पत्र्याच्या डब्यांवर, मोदकपात्राच्या झाकणावर तो वाजवून वाजवून फीत ढिली केलीस. फर्मागुडीला पहिल्यांदा खऱ्या ड्रमवर तुला बघितलं तेव्हा मी मागच्या रांगेत उभा होतो. शेजारच्या पोराने विचारलं, "अंकल, ही कोण?" मी म्हटलं, "माझी." त्यापुढे मला बोलवेना.

रोलिंग स्टोन्स बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स 2021 मध्ये गेला तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. 2023 च्या 'हॅकनी डायमंड्स'मध्ये दोन गाण्यांत त्याने आधी वाजवून ठेवलेले ड्रम आहेत. तो अल्बम आला त्या रात्री तू म्हणालीस, "पप्पा, मला ऐंशीपर्यंत वाजवायचंय." ते बघायला मी नसेन. पण वाजवावंस अशी माझी फार इच्छा आहे, आणि त्याला कान पुरायला हवेत. बँड सोड, ड्रम सोड, असं मी कधीच म्हणणार नाही. जावई म्हणाले तरी त्यांच्याशी मी बोलेन. मला एवढंच हवंय की तू वाजवलेलं तुला स्वतःला ऐकू यावं. छोटीचं लग्न, तिचं बाळ, त्याचं पहिलं बोलणं, सगळं ऐकू यावं. पुन्हा तेच लिहितोय, मला कळतंय. आईही आतून म्हणते, पुरे आता.

मुंबईहून आलीस की पहिल्याच सोमवारी आपण बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात कान तपासायला जाऊ. केस पेपरच्या रांगेत मी उभा राहीन, तू सावलीत बस. बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं, बस. मीही माझी तपासणी करून घेईन, म्हणजे तुला एकटीला नेलं असं कुणी म्हणणार नाही. काही निघालं नाही तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. काही निघालंच, तर पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. शक्य तेवढं नाही पडणार.

सांतिनेजच्याच्या आईला रोज एक फोन कर. पहिलं गाणं हाताला लागलं की आधी तिला ऐकव, आम्हाला उद्या ऐकवलंस तरी चालेल. मिक्सिंगच्या पैशांचं अडलं तर बँकेतली ती ठेव तुझ्याच नावावर आहे, विचारायची गरज नाही. आईने सोलकढीसाठी आगळाची बाटली बॅगेच्या तळाशी ठेवली आहे, कपड्यांवर सांडायच्या आत काढून ठेव. आणि रात्री कानात वाजायला लागलं तर एकटी पंखा लावून पडून राहू नकोस. कितीही वाजले असोत, फोन कर. मी जागाच असतो.

तुझा,
पप्पा