कैद्यांनी पाणी उकळायचं कशावर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात तुरुंगातल्या काविळीची बातमी वाचली. छापलीत ते बरंच केलंत, एरवी तुरुंगाची बातमी म्हणजे कोण सुटला आणि कुठल्या बराकीत मोबाईल सापडला एवढंच असतं. पण खालची ती 'अशी घ्या काळजी'ची चौकट कोणी लिहिली हो? पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका. अहो, बराकीत काय गॅसची शेगडी असते, का गेटवर पाणीपुरीची गाडी लागते? पाण्यातून पसरते ती हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ. तुमची बातमी होती बी आणि सी ची, ती रक्तातून जाते, सुई, ब्लेड, गोंदण.

माझा धाकटा भाऊ ११ महिने कच्चा कैदी म्हणून आत होता (बांधावरून भावकीत मारामारी झालेली, पुढे निर्दोष सुटला, ते तुमच्याकडे आलं नाही, अटक मात्र नावासकट आली होती). तो सांगतो, दाढीच्या दिवशी रांग लागायची, दाढी करणारा पण कैदीच, वस्तऱ्यात अर्धं ब्लेड, एकाची झाली की मगातल्या पाण्यात बुडवायचा की पुढचा. चार-पाच जणांना एक ब्लेड. शिवाय तिथल्याच एका पोराकडून मनगटावर आईचं नाव गोंदवून घेतलं, शिवायची सुई आणि रिफिलची शाई. दोन्हीपैकी कशानं त्याला सी झाली देव जाणे. पण सुपारीचं खांड न खाणारा माणूस आहे तो, आणि तुम्ही हेडिंग देता 'गर्दुल्ल्यांमुळे'! नशेच्या सुईनं पसरतं हे खरंच आहे, पण तेवढ्यानंच पसरत नाही ना.

आत असताना एकदा सगळ्यांचं रक्त घेतलं होतं. रिपोर्ट विचारला तर 'काय असेल तर सांगू'. मग जामीन झाला. वर्षभरानं गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं आणि ब्लड बँकेतून फोन, येऊन भेटा, सी पॉझिटिव्ह. कागदासाठी हेलपाटे घातले तेव्हा कळलं की आतल्या तपासणीतच निघालं होतं. का सांगितलं नाही, तर म्हणे 'तुम्ही सुटलात ना'. म्हणजे सुटला ही चूकच झाली!

औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळालं, २०१८ पासून केंद्राची योजनाच आहे त्याची. १२ आठवडे गोळ्या, त्यानंतर १२ आठवड्यांनी परत रक्त तपासलं, व्हायरस नाही. एवढंच होतं. आत दिवसातून दोनदा माणसं मोजतात, गोळी द्यायला याहून सोपा पेशंट कुठे मिळणार सांगा. बी वर तर लसच आहे, सहा महिन्यांत तीन डोस. २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशातले चारात तीन कैदी कच्चे, म्हणजे आज ना उद्या घरीच येणार, आमच्यासारख्यांच्या. निदान सुटताना कपडे आणि पैसे परत देतात तसा रिपोर्ट हातात द्या.

घरी काय झालं ते वेगळंच. आईनं त्याच्या ताट-वाटीला खालून नेलपॉलिशचा ठिपका लावला, चुकून दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. ताटातून पसरत नाही हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, ठिपका अजून आहे. गोळ्या सुरू व्हायच्या आधी ती त्याला काविळीची माळ घालायला पण घेऊन गेली, शिवाय कसल्याशा पुड्या, १,५०० रुपये गेले. पत्ता कुठून मिळाला विचाराल तर तुमच्याच पेपरातल्या छोट्या जाहिरातींतून. कालच्या अंकात पण आहे बघा, पान ८, खालून तिसरी, 'कावीळ ३ दिवसांत गायब, खात्रीशीर'. ती जरा बंद करता आली तर बघा.

आपला,
एक जुना वाचक
(नाव छापू नये, एकदा छापून झालंय)